कॅन्सर जीन रिसर्चसाठी आयसीएमआरची ग्रँट: अर्ज कुठे अडकतो ते आधी बघा

कुठलं औषध कुठल्या पेशंटला लागू पडेल हे जीनवरून आधी ओळखायचं, जसं फुप्फुसाच्या कॅन्सरमधे ईजीएफआर या जीनमधे बदल सापडला तर गेफिटिनिब या गोळीचा उपयोग होतो, अशा विषयावर काम करायची इच्छा असलेले बरेच जण आपल्या कोल्हापुरात आहेत. आयडिया चांगल्या असतात, आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ग्रँटचा अर्ज अडकतो तो कागदांवर.

पीआय, म्हणजे प्रोजेक्टचा मुख्य संशोधक, संस्थेत रेग्युलर नोकरीत पाहिजे. पीजी, पीएचडीवाल्यांनी गाइडच्या नावाने भरा. ट्रस्टचं किंवा खासगी हॉस्पिटल असेल तर डीएसआयआरची (केंद्राचा विज्ञान आणि औद्योगिक संशोधन विभाग) सायरो, म्हणजे संशोधन संस्था म्हणून मान्यता लागते, ती अर्ज मागवणारा कॉल निघाल्यावर धावपळ करून मिळत नाही. बाकी आयसीएमआरच्या ईपीएमएस या अर्जाच्या पोर्टलवर नाव नोंदवणं, बायोडेटा, बजेट हे सरळ आहे.

आता खरी अडचण. रिसर्चमधे पेशंटचं हित जपलं जातंय ना हे बघणारी एथिक्स कमिटी संस्थेत आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात आणि सीडीएससीओचं (केंद्राची औषध नियंत्रण संस्था) रजिस्ट्रेशन जोडून मोकळे होतात, पण ते नव्या औषधांच्या ट्रायलसाठी असतं. २०१९ च्या नियमांनुसार अशा बायोमेडिकल रिसर्चसाठी कमिटीची नोंदणी डीएचआरकडे (केंद्राचा आरोग्य संशोधन विभाग), त्यांच्या ‘नैतिक’ नावाच्या पोर्टलवर लागते. कमिटी एकच, माणसं तीच, तरी दोन ठिकाणी वेगळी नोंदणी का, हे कुणी नीट सांगतच नाही आणि भुर्दंड अर्ज करणाऱ्याला. कमिटीच्या मेंबर सेक्रेटरींना आजच विचारा, नोंदणीची मुदत कधी संपते तेही बघा.

दुसरं म्हणजे संमतीपत्र. पॅथॉलॉजीत जुने पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे, पडून असतात, तेच वापरू असं वाटतं, पण पेशंटने सही केलेली असते ऑपरेशनसाठी, जीन तपासण्यासाठी नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणे कमिटी काही परिस्थितीत संमतीतून सूट देऊ शकते, पण ती कमिटीच्या पत्रात स्पष्ट लिहून घ्या. नवीन पेशंट असतील तर साध्या मराठीत फॉर्म करा, आणि गाठीतला बदल तपासणार की रक्तातून आनुवंशिक जीनसुद्धा, हे वेगवेगळं लिहा. बीआरसीएसारखं (स्तनाच्या, अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक बदल) काही निघालं तर बहिणीचा, मुलीचा पण प्रश्न येतो, त्यांना कोण सांगणार, कौन्सेलिंग कोण करणार, याचं उत्तर प्रपोजलमधे पाहिजेच. गडहिंग्लज, चंदगडहून आलेल्या बाईला कागद वाचून दाखवायला दहा मिनिटं द्या, तिचा तो हक्क आहे.

सॅम्पल साइज अंदाजे टाकू नका. शंभरात दोघा-तिघांतच असणारा बदल शोधायचा आणि पेशंट पन्नास, मग हातात एखाद-दुसराच येणार, त्यावरून काय सिद्ध होणार? स्टॅटिस्टिक्सवाल्यांना सुरुवातीलाच बसवा, गरज असेल तर सांगली, मिरजेचं सेंटर जोडून घ्या.

शेवटची तारीख म्हणजे ऑनलाइन फायनल सबमिटची तारीख, ड्राफ्ट सेव्ह केला म्हणजे अर्ज गेला नाही. संस्थाप्रमुखांची सही आठवडाभर आधी घ्या, कारण साहेब नेमके तेव्हाच रजेवर असतात. आणि परदेशी संस्थेसोबत काम करणार किंवा सॅम्पल तिकडे पाठवणार असाल तर एचएमएससीची (आरोग्य मंत्रालयाची स्क्रीनिंग कमिटी) मंजुरी वेगळी लागते, तो वेळ प्लॅनमधे धरा.