कापूस, काळी माती आणि मतपेटी

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेत बदलतं ते एवढंच: विश्वासरावांच्या दिशेने आलेली गोळी त्यांना न लागता कानाजवळून निघून जाते. फौजा त्याच, रणांगण तेच. पण मराठे जिंकतात आणि पुढचा इतिहास वेगळीच वाट धरतो.

राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला अशा कथांची गोडी लागली तर नवल नाही, कारण त्याचाही धंदा जर-तरचाच. नियमही तोच: एखादी गोष्ट वगळून बघायची तर इतिहासात कमीत कमी फेरफार करायचा. १९९६ मध्ये फिलिप टेटलॉक आणि आरन बेल्किन यांनी अशा विचारप्रयोगांवर ग्रंथ संपादित केला, त्यातही या अटीवर भर आहे. पेशव्यांना मशीनगन दिली तर गंमत येईल. कळणार काहीच नाही.

फरक एवढाच की लेखक गोळी चुकवू शकतो. शास्त्रज्ञाला तशी चुकलेली गोळी खऱ्या जगात शोधावी लागते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडची राज्यं घ्या. १८६०च्या जनगणनेत देशात जवळपास ४० लाख गुलाम होते. मिसिसिपी आणि साउथ कॅरोलायनात तर निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलाम होती. अविदित आचार्य, मॅथ्यू ब्लॅकवेल आणि माया सेन या तिघा राज्यशास्त्रज्ञांनी तिथल्या काउंटी, म्हणजे साधारण आपले जिल्हे, एकमेकांशी ताडून पाहिल्या. जिथे तेव्हा गुलामांचं प्रमाण जास्त होतं, तिथले आजचे गोरे रहिवासी आज उजव्या समजल्या जाणाऱ्या रिपब्लिकन पक्षाकडे अधिक झुकलेले, कृष्णवर्णीयांसाठीच्या सवलतींना अधिक विरोध करणारे आणि त्यांच्याविषयी मनात जास्त अढी असलेले निघाले. गुलामी कायद्याने संपली १८६५ मध्ये!

पण याला गुलामीच कारणीभूत हे कशावरून? कदाचित त्या भागातली माणसं आधीपासूनच तशी असतील. खरं तर अलाबामासारख्या दक्षिणी राज्याची दुसरी प्रत हवी: सगळं तेच, फक्त गुलामी नाही.

इथे माती मदतीला आली. क्रिटेशियस काळात, म्हणजे डायनोसॉरांच्या युगाच्या शेवटच्या टप्प्यात, या भागावर उथळ समुद्र होता. त्यातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा चुनखडीसारखा थर साचला आणि कोट्यवधी वर्षांनी त्यावर काळी, सुपीक जमीन तयार झाली. तिथे कापूस पिकला, आणि कापसामागोमाग गुलाम आले. (आपल्याकडची कपाशीची काळी जमीन मात्र ज्वालामुखीच्या बेसॉल्टची.) जमीन कापसाला किती मानवते हे काही तिथल्या माणसांचे विचार बघून ठरलेलं नव्हतं. म्हणून गुलामीच्या प्रमाणातला जो फरक मातीमुळे पडला, तेवढाच धरून तिघांनी हिशेब पुन्हा मांडला. निष्कर्ष टिकला.

तरी शंकेखोर म्हणेल, कापसाची शेतीच माणसाला तसं बनवत असेल, गुलामीचा काय संबंध? म्हणून त्यांनी दक्षिणेबाहेरच्या, कापसाला योग्य पण गुलामी नसलेल्या काउंटी तपासल्या. तिथे माती आणि मतं यांचा तसा संबंध दिसला नाही. मला या सगळ्या अभ्यासातला हा भाग सर्वांत देखणा वाटतो. हवी होती ती दुसरी प्रत, थोडी विरलेली का होईना, इथे हाती लागते.

दीडशे वर्षं ही अढी टिकली कशी? त्यांचं उत्तर असं: मुक्त झालेल्या मजुरांना स्वस्तात राबवून घ्यायची गरज मळेवाल्यांना होतीच, त्यासाठी दहशत आली, भेदभावाचे कायदे आले, आणि ती वृत्ती घराघरांत बापाकडून मुलाकडे गेली. याला एक पुरावाही आहे. १९३०च्या दशकात जिथे ट्रॅक्टर जास्त आले आणि मजुरांची गरज घटली, तिथे हा वारसा फिका पडलेला दिसतो.

महाराष्ट्रालाही असा जर-तर लाभला आहे. अर्थशास्त्रज्ञ लक्ष्मी अय्यर यांनी २०१०च्या शोधनिबंधात डलहौसीच्या काळात कोणते संस्थानिक औरस वारस नसताना वारले, हा योगायोग वापरला. सातारा १८४८ मध्ये असाच खालसा झाला, नागपूर १८५४ मध्ये, कोल्हापूर वाचलं. देशभरच्या अशा तुलनेतून त्यांना दिसलं, की थेट इंग्रजी अमलाखाली गेलेल्या भागांत स्वातंत्र्यानंतरही शाळा, आरोग्यकेंद्रं आणि रस्ते कमी होते. लोकांच्या वृत्ती त्यांनी मोजल्या नाहीत. ते काम एखाद्या राज्यशास्त्रज्ञाने हाती घ्यायला हरकत नाही.