‘ब्रेक फेल’ म्हणजे नेमकं काय? नाशिकच्या गाडीवाल्यांच्या तक्रारींमागची गोष्ट

कसारा घाटात एक ‘ब्रेक फेल पॉइंट’ आहे. हे नाव कुणी रीतसर ठेवलं असेल असं वाटत नाही, पण अपघाताच्या बातमीत ते सर्रास छापून येतं आणि वाचणाऱ्याला जागाही कळते. नाशिकहून मुंबईला जाणाऱ्या माणसाला त्यात वावगं काही वाटत नाही. घाट आला की ब्रेक फेल व्हायचेच, तसं गाडीला आग लागली की ते शॉर्ट सर्किटच. गेल्या काही वर्षांत गाडीमालकांच्या ज्या तक्रारी वाढल्या आहेत, त्यांचा गुंता या दोन शब्दांपासूनच सुरू होतो.

ऐंशीच्या दशकाआधीच्या गाड्यांबद्दल फार बोलायची गरज नाही. त्या वेळी ब्रेक पायाच्या जोरावर लागायचा, वायरिंग मोजून दहा-बारा तारांचं असायचं आणि मालकाला निम्मी दुरुस्ती स्वतःला येत असे. पुढे छोट्या गाड्या मध्यमवर्गाच्या दारात आल्या आणि नव्वदच्या दशकात व्हॅक्यूम बूस्टर ही रोजची गोष्ट झाली. इंजिन चालू असताना जी हवेची पोकळी तयार होते, तिच्या मदतीने बूस्टर पायाचा जोर वाढवतो. गाडी विकताना ‘ब्रेक एकदम मऊ’ असं सांगायचे. तो मऊपणा इंजिनच्या जिवावर आहे, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

त्यात घाटातली जुनी सवय. इगतपुरी मागे पडली की चावी बंद करायची, गाडी न्यूट्रलवर सोडायची, थेट कसाऱ्यापर्यंत पेट्रोलचा थेंब जाळायचा नाही. जुन्या गाडीवर हे खपून गेलं. १९९९ साली आमच्या मामांनी हाच प्रयोग नव्यानेच घेतलेल्या सेकंडहँड गाडीवर केला. पहिले दोन ब्रेक नेहमीसारखे लागले. तिसऱ्याला पेडल दगड झालं. मामा अक्षरशः सीटवरून उठून उभे राहिल्यासारखे दाबत होते आणि स्टिअरिंगही जड झालं होतं. शेवटी हँडब्रेक ओढत त्यांनी गाडी डोंगराकडच्या गटाराला घासवून थांबवली. खाली कसाऱ्यात मेकॅनिकने इंजिन चालू केलं, पेडल दाबलं, ते बोटभर खाली गेलं. ‘ब्रेक तर ठणठणीत आहे की, काका.’ घरी मात्र वीस वर्षं ही गोष्ट ‘ब्रेक फेल झाले तेव्हा’ अशीच सांगितली गेली.

या घटनेत ब्रेक फेल झालेच नव्हते. बंद इंजिनवरही बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा पुरेल एवढी पोकळी शिल्लक असते, ती संपली. पेडल दगड होणं ही एक गोष्ट आणि पेडल खाली बसणं ही दुसरी, अगदी उलटी. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतार उतरला की पॅड आणि डिस्क तापतात, उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नव्या डॉट ३ (ही ब्रेक ऑइलची प्रत) ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल भुसकन खाली जातं. गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा लागतो. म्हणजे तासाभराने आलेल्या मेकॅनिकला इथेही काहीच सापडत नाही. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या पट्ट्यातून आठवड्याला दोनदा ये-जा करणारे किती जण दर दोन वर्षांनी ऑइल बदलतात, हे कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारावं. तो हसतो.

तिसरा प्रकार लायनर, म्हणजे घासून गाडी थांबवणारा थर, तापून पकड सुटण्याचा. त्यात पेडल कडकच राहतं, दाबही पोचतो, पण गाडी धावतच राहते. चौथा प्रकार खऱ्या बिघाडाचा: मास्टर सिलेंडरचं रबर गेलं, नळी गंजली, ऑइल गळालं. या चारांतला फक्त शेवटचा कारखान्याच्या किंवा देखभालीच्या खात्यात सरळ टाकता येतो. पहिला चालकाचा, दुसरा-तिसरा चालक, रस्ता आणि देखभाल यांच्यात वाटलेला. बातमीत, पंचनाम्यात आणि विम्याच्या अर्जात मात्र चौघांचं नाव एकच. त्यामुळे ज्याच्या गाडीत खरोखर दोष होता तो मालकही घाटात ब्रेक तापवणाऱ्यांच्या गर्दीत मोजला गेला. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं.

२०१८-१९ मध्ये त्यात आणखी एका प्रकाराची भर पडली. एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलांना आणि एप्रिल २०१९ पासून सगळ्याच नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंधनकारक झालं. जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरतं, घरघर आवाज येतो. ती यंत्रणा काम करत असल्याचीच खूण. पण ‘ब्रेक मारला की पायाला झटके बसतात’ म्हणून लोक गाडी परत आणू लागले. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी त्यांना ‘साहेब, ते नॉर्मल आहे’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकवलं, की पुढे जे नॉर्मल नव्हतं त्यालाही तेच उत्तर मिळू लागलं.

विजेच्या बाजूची कथा वेगळी, पण वळण तेच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गाडीत पॉवर विंडो, सेंट्रल लॉक, टेप, अलार्म आले. त्यांतलं बरंचसं कंपनीने न देता बाजारातून बसवलं जाई. महामार्गावर रात्री दिसत नाही म्हणून ६०/५५ वॉटचे बल्ब काढून १००/९० वॉटचे टाकायची तर फॅशनच होती. बारा व्होल्टवर साठ वॉटचे दोन बल्ब दहा अँपिअर ओढतात, शंभरचे दोन जवळजवळ सतरा. तार आणि स्विच तेच. मग फ्यूज उडायचा. तो दोनदा उडाला की वायरमन जागीच उपाय करायचा: जळक्या फ्यूजच्या दोन पायांवर तांब्याच्या तारेचे चार वेढे. आता फ्यूज कधीच उडत नाही, त्याच्याऐवजी तार तापते. या उद्योगात मालक, दुकानदार आणि वायरमन तिघेही खूश असत.

त्यामुळे ‘बाहेरचं फिटिंग’ हा कंपन्यांचा आवडता बचाव झाला, आणि तो बऱ्याचदा खराही होता. पण सगळीकडे चालवला गेल्यावर त्याची धार वाढली. हार्नेसला, म्हणजे गाडीतल्या तारांच्या जुडग्याला, साधं चिकट टेप दिसलं की वॉरंटी नाही. उंदराने वायर कुरतडली तरी वॉरंटी नाही (मग बॉनेटखाली तंबाखूच्या पुड्या आणि डांबराच्या गोळ्या ठेवायच्या). विम्याची भाषाही बघण्यासारखी आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत आग, स्फोट, गाडीने आपोआप पेट घेणं आणि वीज पडणं यांमुळे झालेलं नुकसान भरून मिळतं. यांत्रिक किंवा विजेचा बिघाड मात्र वगळलेला असतो. म्हणजे वायरिंग नुसतं धुमसलं आणि मालकाने वेळीच बॅटरीची तार उपटली, तर खर्च त्याचा. गाडी पेटली तर विम्याचा.

देशात या विषयावर पहिल्यांदा जोरात बोललं गेलं ते एका स्वस्त गाडीमुळे. सामान्यांची म्हणून गाजलेल्या त्या गाडीला पाठोपाठ आगी लागल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये उत्पादकाने एक्झॉस्ट आणि विजेच्या भागांना जादा संरक्षण फुकट बसवून देऊ केलं आणि त्याच दमात सांगितलं की हा रिकॉल, म्हणजे दोषासाठी गाड्या परत बोलावणं, नाही. पुढची दहा वर्षं हेच चाललं. कुणी ‘सर्व्हिस कॅम्पेन’ म्हणालं, कुणी ‘मोफत तपासणी शिबिर’. २०१२ मध्ये वाहन उद्योगाच्या संघटनेने गाडी परत बोलावण्याची स्वेच्छा संहिता आणली. स्वेच्छा म्हणजे बोलवायची की नाही हे बोलावणाऱ्यानेच ठरवायचं.

दरम्यान सरकारी तपासणीचा भर व्यावसायिक वाहनांवर राहिला. २५० मीटरचा ब्रेक चाचणी ट्रॅक नसलेल्या आरटीओंतली योग्यता तपासणी उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे २०१७ मध्ये थांबली, तेव्हा टेम्पोवाल्यांनी जिल्हाभर फेऱ्या मारल्या. यंत्रावर तपासणी करणारं केंद्र नाशिकला राज्यात लवकर आलं. खासगी गाडीवाल्याचा या सगळ्याशी संबंध फक्त बातमी वाचण्यापुरता.

कायद्यात ‘रिकॉल’ आला तो २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने, कलम ११० अ म्हणून. नियम मार्च २०२१ मध्ये निघाले आणि १ एप्रिलपासून लागू झाले. त्यांतली आकडेवारी वाचून अनेक मालक गोंधळले. वर्षाला १०,००० हून जास्त खपणाऱ्या मोटारीच्या बाबतीत सक्तीच्या रिकॉलचा विचार व्हायला १,२५० तक्रारी लागतात, ५०१ ते १०,००० खपाला १,०५०. बाजू घेणारे म्हणतात, एवढा उंबरठा नसला तर प्रतिस्पर्धी कंपन्याच खोट्या तक्रारी भरतील. हे मान्य केलं तरी प्रश्न उरतो तो मोजायचं काय हा. तक्रार केंद्र सरकारच्या पोर्टलवर मालकाने स्वतः टाकायची. पण मालकाच्या लेखी तक्रार ‘केली’ जाते ती सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर. तिथे तो सांगतो, ‘सिग्नलला थांबताना पेडल एकदम खाली गेलं, पुढच्या रिक्षाला टेकलोच असतो.’ जॉब कार्डवर येतं: ‘ब्रेक चेक’. संध्याकाळी त्यापुढे लिहिलं जातं: ‘ओके’. असे तीन कागद फाइलला लावून मालक म्हणतो मी तीनदा तक्रार केली, आणि सरकारी मोजणीत त्याचा आकडा शून्य असतो.

ग्राहक आयोगाची वाट जुनी आहे, पण तिथे ‘उत्पादनदोष’ हा शब्द आडवा येतो. एखादा भाग वारंवार बिघडतो एवढ्यावर नवी गाडी मिळत नाही. सदोष भाग बदलून देणं पुरेसं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटलं आहे. दोष मुळातला आहे हे तज्ज्ञाच्या अहवालाने दाखवावं लागतं आणि अधूनमधून येणारा बिघाड तज्ज्ञासमोर नेमका येत नाही. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक कायद्यामुळे राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ही सोय मात्र खरी.

एप्रिल २०२२ मध्ये पाथर्डी फाट्याजवळ कंटेनरमधून चाललेल्या वीस इलेक्ट्रिक स्कूटर जळाल्या, तेव्हा नाशिककरांना शॉर्ट सर्किट हा शब्द पहिल्यांदा अपुरा वाटला असावा. देशभर त्या उन्हाळ्यात अशा आगी लागल्या आणि बॅटरीच्या सुरक्षेचे कडक निकष डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने आले. चारचाकीवाल्यांच्या तक्रारींचा सूरही तेव्हापासून बदलला. आता वीज आणि ब्रेक ही दोन खाती राहिलेलीच नाहीत. चाकाजवळच्या सेन्सरची बोटभर वायर तुटली की एबीएस बंद पडतं. पेडलजवळचा ब्रेक लाइटचा स्विच खराब झाला की बटणावर चालू होणारी गाडी चालूच होत नाही. जुना वायरमन टेस्ट लॅम्प घेऊन यायचा, आता मुलगा स्कॅनर जोडतो आणि पडद्यावर आलेला कोड पुसतो. कोड पुसला की दिवा विझतो, आणि तो का लागला होता हे सांगणारा एकमेव पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

रिकॉलचा नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू आहे. खासगी गाडीची आरटीओत पुन्हा तपासणी होते ती नोंदणीच्या नूतनीकरणाला, पंधराव्या वर्षी. गाडी सेकंडहँड बाजारात उतरते, हार्नेसला टेप लागतात, ब्रेकचं ऑइल काळं पडतं, ती वर्षं बहुतेक या दोन आकड्यांच्या मधली असतात.