जुन्या स्पोर्ट्स मोटारींची मूळ स्टीअरिंग व्हील

दुर्मीळ विंटेज स्पोर्ट्स मोटारीचे स्टीअरिंग व्हील कारखान्यातून त्या गाडीबरोबर आलेले आहे, त्याच काळातले पण नंतर बसवलेले आहे, की अलीकडची प्रतिकृती आहे, हे ठरवण्याची पद्धत. संग्राहक, जुन्या गाड्या दुरुस्त करणारे कारागीर, लिलावगृहे आणि प्रदर्शनांतले परीक्षक यांना तिची गरज पडते. एंजिन किंवा बॉडी बदलणे खर्चाचे आणि जिकिरीचे काम. स्टीअरिंग मात्र मधला नट सोडवून पुलर (खेचून काढण्याचे अवजार) लावला की निघते. शर्यतीसाठी, हौसेखातर किंवा रिम (हातात धरायची बाहेरची गोल कडी) तडकली म्हणून ते सर्रास बदलले गेले. शिवाय त्यावर क्रमांक असलाच तर तो सुट्या भागाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यामुळे एखादी खूण सापडली म्हणून निर्णय देता येत नाही. पुरावे एकमेकांशी जुळवावे लागतात.

बहुतेक कारखाने स्टीअरिंग स्वतः बनवत नसत. ब्रिटनमध्ये ब्लूमेल, जर्मनीत व्हीडीएम आणि पेट्री, इटलीत नार्दी ही नावे ठळक. म्हणून गाडीच्या बोधचिन्हाचे हॉर्न बटण पाहून भुलू नये. ते बटण सर्वांत सहज बदलता येते आणि त्याच्या नकलाही भरपूर आहेत. खरी तपासणी स्टीअरिंग उतरवून, उलटे करून होते.

या विषयातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग नार्दीच्या लाकडी स्टीअरिंगचा आहे. एन्रिको नार्दी (१९०७–१९६६) हा इटालियन अभियंता आणि शर्यतपटू. एन्झो फेरारीच्या १९४० मधील ‘८१५’ गाडीच्या उभारणीत त्याचा सहभाग होता. पुढे त्याच्या कारखान्यातली लाकडी स्टीअरिंग फेरारीच्या २५० मालिकेतल्या गाड्यांवर बसू लागली. अवघ्या ३६ बनलेल्या २५० जीटीओवरही तेच दिसते. याचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा असतो आणि त्यावर दोन्ही बाजूंनी लाकूड चिकटवून रिव्हेट मारलेले असतात. रिम कडेने पाहिली की लाकडाच्या दोन थरांमधून धातूची बारीक रेघ गोल फिरलेली दिसते. मागच्या बाजूला बोटांसाठी खाचा कोरलेल्या असतात. जुन्या रिमवर या खाचांच्या उंचवट्यांवरचे लॅकर झिजलेले असते, खोलगट भागात मात्र ते पिवळसर होऊन टिकून राहते. घाईघाईने ‘जुने’ केलेल्या रिमवर झीज सगळीकडे सारखीच असते. कुठे हात पडतो आणि कुठे पडत नाही, हा फरक कृत्रिमरीत्या आणणे फार कठीण, म्हणून अनुभवी परीक्षक आधी तिथेच बोट फिरवतात.

अडचण अशी की नार्दीच्या नावाने स्टीअरिंग आजही तयार होतात. म्हणजे ते अस्सल नार्दी असूनही १९५८ च्या गाडीचे मूळ स्टीअरिंग नसू शकते. अशा वेळी आऱ्यांच्या मागची बाजू उपयोगी पडते. अलीकडच्या स्टीअरिंगवर ‘केबीए’ ही जर्मन मान्यतेची खूण आणि पुढे क्रमांक असतो, कधी उत्पादनाची तारीखही असते. १९५० च्या दशकातल्या मालावर ही खूण असण्याचे कारण नाही. बोल्टच्या भोकांचे वर्तुळही मोजावे: नार्दीची सहा भोके साधारणपणे ७४ मिमी व्यासाच्या वर्तुळावर असतात, तर १९६० च्या दशकात सुरू झालेल्या मोमो या कंपनीची ७० मिमीवर. मधला बॉस (स्टीअरिंग दांड्याला जोडणारा भाग) नवा आणि रिम जुनी, असे जोडकामही बाजारात पुष्कळ दिसते.

काही गाड्यांत रचनाच साक्ष देते. मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल गलविंग (१९५४–५७, १,४०० गाड्या) हिची चॅसिस नळ्यांच्या जाळीची होती. त्यामुळे दाराचा उंबरा उंच झाला, आणि चालकाला आत सरकता यावे म्हणून स्टीअरिंग बिजागरीवर खाली कलते केले गेले. बिजागरी नसलेले स्टीअरिंग अशा गाडीत असेल तर ते नंतरचे, यात शंका नको. जॅग्वार ई-टाइपच्या १९६१ च्या पहिल्या मालिकेत लाकडी रिम आणि भोके पाडलेले तीन ॲल्युमिनियमचे आरे होते. १९७१ च्या व्ही-१२ मालिकेत चामड्याचे वेष्टन आले. टोयोटा २००० जीटीच्या लाकडी स्टीअरिंगमागे यामाहाचा वाद्ये घडवण्याचा अनुभव होता.

प्लॅस्टिकच्या रिमची कसोटी वेगळी. सेल्युलोज ॲसिटेट हे जुन्या रिमचे प्लॅस्टिक वर्षानुवर्षांत आकसते, पण आतली पोलादी कडी आकसत नाही. म्हणून आरे रिमला मिळतात त्या ठिकाणी चिरा पडतात. हस्तिदंती रंगही उन्हाने पिवळा पडतो. अशा चिरा खरेदीदाराला दोष वाटतात, प्रत्यक्षात त्या वयाचा चांगला पुरावा असतात. इपॉक्सी भरून, रंग मारून गुळगुळीत केलेली रिम दिसायला सुंदर, पण तो पुरावा तिथे पुसला जातो. माझ्या मते दुरुस्तीपूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे न काढणे हा या कामातला सर्वांत मोठा निष्काळजीपणा आहे.

कागदपत्रांत सुट्या भागांचे छापील पुस्तक, कारखान्याची नोंद आणि त्या काळची छायाचित्रे पाहावीत. जॅग्वारच्या वारसा प्रमाणपत्रात चॅसिस, एंजिन, रंग, तारखा मिळतात. स्टीअरिंगचा प्रश्न त्यातून सहसा सुटत नाही. पहिल्या मालकाच्या अल्बममधला, चालकाच्या बाजूने घेतलेला फोटो कित्येकदा जास्त उपयोगी ठरतो. लेस लेस्टन किंवा डेरिंग्टन यांसारख्या विक्रेत्यांची स्टीअरिंग मालकांनी त्याच काळात हौसेने बसवली. ती कारखान्याची नसली तरी बनावटही नाहीत, आणि वर्णनात ‘समकालीन जोड’ असा स्पष्ट उल्लेख करणे योग्य. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१२ च्या तुरीन सनदेचा रोखही कमीत कमी हस्तक्षेप आणि बदललेले भाग ओळखू येतील असे ठेवण्याकडे आहे.

भारतात आयातीवरील निर्बंधांच्या दशकांत मूळ सुटे भाग मिळणे अवघड होते, तेव्हा मिळेल ते स्टीअरिंग बसवून गाडी चालती ठेवणे हाच मार्ग असे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ नोंदणी सुरू केली. तिच्या व्याख्येत भर चॅसिस, बॉडी आणि एंजिन यांत मोठा बदल नसण्यावर आहे. स्टीअरिंगच्या मूळपणाचा निवाडा त्यामुळे संग्राहक आणि परीक्षक यांच्याकडेच राहतो.