जैवयामिकी

जैवयामिकी : सजीवांच्या शरीरावर व शरीरात कार्य करणारी बले आणि त्यांमुळे होणारी हालचाल, विरूपण व झीज यांचा यामिकीच्या नियमांनी अभ्यास करणारी शास्त्रशाखा. तुळई, तरफ, स्प्रिंग, बेअरिंग अशा घटकांसाठी यंत्र अभियांत्रिकीत विकसित झालेली समीकरणे येथे हाडे, कंडरा, स्नायू व सांधे यांना लावली जातात. रक्तप्रवाह व श्वसन यांची यामिकीही हिच्यातच मोडते. प्रस्तुत नोंदीत मात्र मुख्यतः मानवी हालचालीचा विचार केला आहे.

या शाखेचा आरंभ कोणापासून मानावा याबद्दल एकमत नाही. प्राण्यांच्या चलनवलनावर ॲरिस्टॉटल यांनी इ. स. पू. चौथ्या शतकात लिहिले आणि लिओनार्दो दा व्हिंची यांच्या टिपणवह्यांत स्नायू व सांध्यांचा यांत्रिक दृष्टीने विचार आढळतो. पण ही टिपणे दीर्घकाळ अप्रकाशित राहिल्याने त्यांचा पुढील अभ्यासावर प्रभाव पडला असे म्हणणे कठीण आहे. शरीराच्या बाबतीत बलांचे आकडे मांडून गणित करण्याची रीत इटालियन गणितज्ञ जोव्हान्नी आल्फोन्सो बोरेल्ली (१६०८–७९) यांच्यापासून सुरू होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६८०–८१ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. धारेवर तोललेल्या फळीवर माणसाला निजवून त्यांनी शरीराचा गुरुत्वमध्य शोधला. स्नायू थोड्या बलाने मोठे ओझे हलवतात, ही पूर्वापार समजूतही त्यांनी उलटी ठरवली. कोपर ९० अंशांत वाकवून तळहातावर ५ किग्रॅ. वजन धरले, ते कोपरापासून ३५ सेंमी.वर असले आणि द्विशिर स्नायूची (दंडाच्या पुढील स्नायूची) ओढ सांध्यापासून ४ सेंमी.वर लागत असली, तर हाताचे स्वतःचे वजन सोडूनही त्या स्नायूला सुमारे ४३० न्यूटन, म्हणजे वजनाच्या जवळजवळ नऊपट बल लावावे लागते. सांध्याच्या पृष्ठभागांवरही तेवढ्याच प्रमाणात दाब येतो. बलात जे गमावले जाते ते वेगात व हालचालीच्या आवाक्यात मिळते. स्नायू आकुंचन कसा पावतो याचे बोरेल्ली यांनी दिलेले स्पष्टीकरण (मज्जारस व रक्त मिसळून होणारे उकळणे) मात्र टिकले नाही.

चालण्याच्या यामिकीत सर्वांत लांबलेला वाद पुढे टाकल्या जाणाऱ्या पायाबद्दलचा आहे. व्हिल्हेल्म व एडुआर्ट वेबर या जर्मन बंधूंनी १८३६ मध्ये असे प्रतिपादन केले की, जमिनीवरून उचललेला पाय कमरेपासून टांगलेल्या लंबकाप्रमाणे केवळ गुरुत्वाकर्षणाने झुलतो. लाइपसिकचे शारीरविद व्हिल्हेल्म ब्राउने आणि गणितज्ञ ओटो फिशर यांनी हे तपासण्यासाठी एका सैनिकाच्या अवयवांवर विद्युत् विसर्जनाने चमकणाऱ्या काचनळ्या बांधल्या आणि चार कॅमेऱ्यांनी अंधारात त्याच्या चालीची छायाचित्रे घेतली. नळ्या बांधण्यातच कित्येक तास जात. त्यांवरून त्रिमितीय सहनिर्देशक हाताने काढण्यास तर महिने लागले. अवयवांची वस्तुमाने व गुरुत्वमध्य त्यांनी आधी गोठवलेल्या मृतदेहांवरून ठरवले होते. ब्राउने १८९२ मध्ये निवर्तले. फिशर यांनी निष्कर्ष १८९५ ते १९०४ या काळात भागशः प्रसिद्ध केले आणि केवळ गुरुत्वाने पाय तसा झुलू शकत नाही, स्नायूंचे बल लागतेच, असे दाखवून वेबर बंधूंचे मत फेटाळले. प्रश्न तेथे मिटला असे बहुतेक पाठ्यपुस्तके मानतात. परंतु सायमन मोचन व टॉमस मॅकमॅहन यांनी १९८० मध्ये गणिताने दाखवून दिले की, पाय उचलतानाचा आरंभीचा वेग योग्य असेल, तर मांडी व पोटरी यांचा जोडलंबक पुढे स्नायूबलाशिवाय झुलण्याचा टप्पा पुरा करू शकतो. झुलण्याच्या मधल्या भागात स्नायूंचे विद्युत् संकेत क्षीण असतात, या निरीक्षणाशी ते जुळते. मूळचे विमान अभियंते टॅड मॅकगीर यांनी १९९० मध्ये वर्णन केलेले मोटार व नियंत्रकाविना सौम्य उतारावर चालणारे दोन पायांचे यंत्र हा त्याचा सर्वांत बोलका पुरावा होय. वेबर पूर्णपणे बरोबर नव्हते. तथापि फिशर यांचे खंडन समजले जाते तेवढे निर्णायक नाही.

टेकलेल्या पायाचे वर्तन उलट्या लंबकासारखे असते. शरीराचा गुरुत्वमध्य त्या पायावरून कमानीसारखा जातो व प्रत्येक पावलाला सुमारे ४ ते ५ सेंमी. वरखाली होतो. कमानीवरून जाताना पाय जमिनीवर टिकवण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल गुरुत्वापेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणून वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरण व पायाची लांबी यांच्या गुणाकाराने भागून येणारे गुणोत्तर (फ्रूड अंक) १ च्या पलीकडे गेले की चालणे अशक्य होते. प्रत्यक्षात माणूस ते ०·५ च्या आसपास असतानाच पळू लागतो. ०·९ मी. लांबीच्या पायासाठी हा वेग सेकंदाला सुमारे २·१ मी., म्हणजे ताशी साडेसात किमी. येतो. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ आर. मॅकनील अलेक्झांडर यांनी हाच अंक वापरून निरनिराळ्या आकारमानांच्या प्राण्यांच्या चाली एका मापाने तोलल्या. याउलट कॅलिफोर्नियातील सॉन्डर्स, इनमन व एबरहार्ट यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या ‘सहा निर्धारकां’नुसार श्रोणीचे (कमरेच्या हाडांच्या कड्याचे) फिरणे, गुडघ्याचे वाकणे इत्यादींचा हेतू गुरुत्वमध्याचा मार्ग सपाट करून ऊर्जा वाचवणे हा होता. पुनर्वसनाच्या प्रशिक्षणात ही मांडणी अजून शिकवली जाते. पण गुरुत्वमध्य मुद्दाम सपाट ठेवून चालणाऱ्यांचा ऊर्जाव्यय वाढतो असे प्रयोगांत दिसल्याने उलट्या लंबकाची कल्पना आता सरस ठरते.

हाडांच्या बाबतीत अभियांत्रिकीचा संबंध झुरिकमध्ये आला. हेर्मान फॉन मायर यांनी मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातील जाळीदार पट्ट्यांची रचना १८६६ च्या सुमारास मांडली, तेव्हा आलेखीय स्थितिकीचे (आकृत्या काढून बलांचा समतोल शोधण्याच्या शास्त्राचे) प्राध्यापक कार्ल कुलमान यांना त्या पट्ट्या वाकड्या यारीतील (क्रेनमधील) मुख्य प्रतिबलांच्या (एकक क्षेत्रावरील अंतर्गत बलांच्या) रेषांसारख्या भासल्या. यूलिउस व्होल्फ यांनी १८९२ मध्ये यावरून हाड भारानुसार स्वतःची पुनर्रचना करते हा नियम मांडला. त्यातील गणिती काटेकोरपणा आज मान्य नाही : त्या रेषा सलग, एकजिनसी पदार्थासाठी काढलेल्या होत्या, हाड सच्छिद्र असते आणि त्यावरील भार क्षणोक्षणी बदलतो. ढोबळ अर्थाने मात्र नियम टिकला आहे. अंतराळात राहणाऱ्यांच्या नितंबाच्या हाडाची खनिज घनता महिन्याला सुमारे १ ते १·५ टक्का घटते. कृत्रिम सांध्याचा धातूचा दांडा (टिटॅनियम मिश्रधातूचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, सुमारे ११० गिगॅपास्कल, घट्ट हाडाचा २० च्या आत) भार स्वतःकडे घेतो व लगतचे हाड विरळ होत जाते, हेही त्याचेच उदाहरण.

आधुनिक प्रयोगशाळेत त्वचेवर परावर्तक खुणा चिकटवून अनेक कॅमेऱ्यांनी हालचाल टिपतात. जमिनीत बसवलेल्या फोर्स प्लेटवरून (बल मोजणाऱ्या पाटीवरून) प्रतिक्रियाबल मिळते. त्यावरून तळपायापासून वरच्या दिशेने न्यूटनचे नियम लावत प्रत्येक सांध्यावरील परिबल (बलाचा फिरवणारा परिणाम) काढले जाते. अडचणी येथून पुढे सुरू होतात. मांडीवरील खुणा त्वचेबरोबर सरकतात आणि हाडाच्या मानाने एक-दोन सेंमी.ची चूक सहज होते. अवयवांच्या वस्तुमानांचे वर्षानुवर्षे वापरात असलेले आकडे डेम्प्स्टर यांनी १९५५ मध्ये आठ पुरुषांच्या मृतदेहांवरून काढले होते. स्त्रिया व मुले यांना ते लावणे धोक्याचे आहे. सर्वांत मूलभूत अडचण अशी की, सांध्यावर समीकरणांपेक्षा स्नायू जास्त असतात. त्यामुळे मिळालेले एकच परिबल त्यांच्यात असंख्य प्रकारे वाटता येते. शरीर एखादी राशी, उदा., स्नायूंतील प्रतिबलांच्या वर्गांची बेरीज, किमान ठेवते असे गृहीत धरून उत्तर काढण्याची पद्धत आहे. ते गृहीत सोयीचे आहे, सिद्ध नव्हे. विरोधी स्नायू एकाच वेळी आवळून सांधा ताठ धरणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते साफ चुकते. पडताळा घेण्यासाठी बलमापक बसवलेले कृत्रिम सांधे उपयोगी पडले असून त्यांच्या नोंदींनुसार साध्या चालण्यातही नितंबाच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट बल येते.

या शाखेचा उपयोग कृत्रिम अवयव व सांध्यांचा आराखडा, वाहनांच्या अपघातचाचण्या, क्रीडाप्रशिक्षण व पादत्राणे यांत होतो. बाह्यकंकालांच्या (हालचालीला मदत करण्यासाठी अंगावर बाहेरून बांधायच्या साधनांच्या) बाबतीत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उल्लेखनीय आहे. त्यात घोट्याला मोटार न लावता केवळ स्प्रिंग व क्लच असलेले साधन बांधल्याने सपाटीवरील चालण्याचा चयापचयी ऊर्जाव्यय सुमारे ७ टक्क्यांनी कमी झाला. स्प्रिंग मध्यम ताठ असतानाच हा लाभ मिळाला. अधिक ताठ स्प्रिंगेने तो नाहीसा झाला.