दुहेरी टाकीचे स्कूबा डायव्हिंग

पाठीवर एकाऐवजी दोन सिलिंडर घेऊन, त्यांतली हवा वरच्या आडव्या नळीने जोडून केलेले डायव्हिंग. या जोडीला डायव्हर ‘ट्विनसेट’ किंवा ‘डबल्स’ म्हणतात. पाण्याखालच्या गुहा, बुडालेल्या जहाजांचा आतला भाग, टप्प्याटप्प्यानेच वर यावे लागते असे खोल पाणी, म्हणजे जिथून सरळ पृष्ठभाग गाठता येत नाही तिथे ती वापरतात. हवा दुप्पट मिळते, पण जोडीचे खरे मोल त्यात नाही. एखादा रेग्युलेटर (टाकीतल्या हवेचा दाब उतरवून ती तोंडात देणारे साधन) बिघडला तर डायव्हर तो स्वतःच्या हाताने बंद करून उरलेल्या हवेवर परतू शकतो, हे तिचे मोल आहे.

युरोपात १२ लिटरच्या दोन पोलादी टाक्यांची जोडी सर्रास दिसते. २३२ बार दाबाने भरली की तिच्यात सुमारे ५,५०० लिटर हवा मावते. टाक्या पोलादी पट्ट्यांनी एकमेकींशी कसून धातूच्या बॅकप्लेटवर बसवतात. मध्ये ‘विंग’ ही फुगवायची पिशवी असते. टाक्यांना जोडणाऱ्या नळीला मॅनिफोल्ड म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना एकेक व्हॉल्व्ह व त्यावर स्वतंत्र रेग्युलेटर, आणि मधोमध आयसोलेटर, म्हणजे दोन्ही टाक्या एकमेकींपासून तोडणारा व्हॉल्व्ह. आयसोलेटर उघडा असताना दोन्ही टाक्या मिळून एकच साठा होतो. त्यामुळे उजवा व्हॉल्व्ह बंद केला तरी उजव्या टाकीतली हवा वाया जात नाही, ती डाव्या रेग्युलेटरला मिळत राहते. गळती मॅनिफोल्डलाच किंवा टाकीच्या मानेपाशी असेल, तरच आयसोलेटर बंद करून निम्मी हवा वाचवायची.

१९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी फ्रान्समध्ये अ‍ॅक्वालंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण तयार केले. पुढे बरीच वर्षे जोडटाक्यांना रेग्युलेटर मात्र एकच असे. तो बिघडला की दोन्ही टाक्या भरलेल्या असूनही निरुपयोगी. दोन रेग्युलेटर लावता येतील अशी जोडणी बहामातील ॲन्ड्रॉस बेटाच्या ‘ब्लू होल’मध्ये, म्हणजे पाण्याने भरलेल्या खोल विवरांत, उतरणाऱ्या जॉर्ज बेंजामिन यांच्या नावाने ओळखली गेली. पुढची घडण मुख्यतः उत्तर फ्लोरिडातील गुहांत झाली. गुहांत उतरणारे डायव्हर शेक एक्स्ली यांनी गुहांतील अपघातांचा अभ्यास करून ठसवलेला नियम आजही पहिल्या दिवशी शिकवतात: एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला, उरलेली संकटासाठी. डायव्हर बिल हॉगार्थ मेन यांच्या नावाची साधनांची मांडणीही तिथलीच. तीत तोंडातल्या रेग्युलेटरची नळी सुमारे दोन मीटर लांब असते. सोबत्याची हवा संपली तर तोच रेग्युलेटर त्याला द्यायचा आणि आपण गळ्यात अडकवलेला दुसरा तोंडात धरायचा.

नवशिक्याला पहिल्यांदा जाणवते ते वजन. भरलेला संच जमिनीवर चाळीस किलोंच्या घरात जातो. पाण्यात तो भार उरत नाही. पण पाठीवरचे वस्तुमान शरीराला एका कुशीवर लोटू पाहते आणि छाती, गुडघे, पावले यांची ठेवण नव्याने बसवावी लागते. आतली हवाही वजनदार असते: साडेसहा किलोंच्या आसपास. ती संपत आल्यावरही तीन मीटरवर स्थिर थांबता यावे, अशा बेताने सुरुवातीचे वजन ठरवतात. गरम पाण्यात वेटसूट (आत पाणी शिरू देणारा रबरी पोशाख) घालून पोलादी जोडी वापरणे धोक्याचे, कारण विंग फाटली तर शरीर वर उचलायला दुसरे काही उरत नाही. गोवा, मालवण किंवा अंदमानच्या पाण्यात म्हणूनच ॲल्युमिनियमच्या टाक्या बऱ्या. त्या रिकाम्या होत आल्या की तरंगू लागतात. अर्थात मालवण-तारकर्लीच्या उथळ डायव्हना एक टाकी पुरेशी आहे, आणि तिच्यावर तरंगण्याचा तोल पक्का बसल्याशिवाय दुसरी पाठीवर घेऊ नये.

सराव पाच-सहा मीटर खोलीवर, दुसरे कोणतेही काम न ठेवता, प्रशिक्षक शेजारी असताना करावा. त्यात सर्वांत जास्त वेळ व्हॉल्व्हना द्यावा. कोपर कानाशेजारून वर नेऊन मानेमागचा नॉब आंधळेपणाने सापडला पाहिजे. पुष्कळांचा हात पोहोचत नाही. दोष खांद्यांचा समजला जातो, पण बहुतेकदा टाक्या खाली बांधलेल्या असतात किंवा सूट काखेत घट्ट असतो. उजवा, मधला, डावा असे एकेक बंद करून पुन्हा उघडायचे, आणि तेवढ्यात खोली बदलू द्यायची नाही. यात घाई करणारे प्रशिक्षण मला अपुरे वाटते. गुहेच्या छताला डावा नॉब घासला तर तो पुढे जाताना बंद होण्याच्या दिशेने फिरतो, म्हणून डोक्यावर काही लागले की लगेच चाचपावे.

टाक्या भरताना आणि पाण्यात उतरण्यापूर्वी आयसोलेटर पूर्ण उघडा आहे ना, हे पाहणे अटळ आहे. दाबमापक डाव्या बाजूला असतो, श्वास मात्र उजव्या रेग्युलेटरमधून चालू असतो. आयसोलेटर बंद राहिला तर काटा भरलेली टाकी दाखवत राहतो आणि उजवी रिकामी होत जाते. दहा मिनिटे श्वास घेऊनही काटा जागचा हलला नसेल, तर हात आधी आयसोलेटरकडे गेला पाहिजे.