झोपेचा इलाज आधी का करावा

‘मनच थाऱ्यावर नाही, तर झोप कुठून लागणार?’ असं आपण सहज म्हणतो. डॉक्टरही बरीच वर्षं असंच मानत आले. आधी नैराश्य किंवा चिंता, मागोमाग निद्रानाश. मूळ दुखणं बरं झालं की झोप आपोआप येईल.

१९८९ साली अमेरिकेत डॅनियल फोर्ड आणि डग्लस कॅमेरो यांनी सुमारे आठ हजार लोकांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. निद्रानाश असलेल्यांपैकी ४० टक्के लोकांना एखादा मानसिक आजार होता. इतरांत हेच प्रमाण १६ टक्के. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वर्षभरानंतरही ज्यांची झोप सुधारली नव्हती, त्यांना नव्यानं नैराश्य जडण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त निघाला.

पण आधी घडलं म्हणून ते कारण ठरत नाही. त्यासाठी झोप सुधारून पाहावी लागते. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटानं ते केलं. ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना झोपेसाठी ऑनलाइन उपचार दिले. २०१७ साली निष्कर्ष आले: झोप तर सुधारलीच, शिवाय संशयी विचार आणि भासही कमी झाले. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो.

हे उपचार म्हणजे गोळ्या नव्हेत, तर सवयी आणि विचार बदलणारी ‘सीबीटी-आय’ पद्धत. समजा, कुणी रात्री दहा ते सकाळी सहा अंथरुणात असतो, पण झोप मिळते साडेपाचच तास. त्यानं साडेबारालाच आडवं व्हायचं, उठायचं मात्र सहालाच. दुपारची डुलकी बंद. सुरुवातीला दिवसभर डोळ्यांवर झापड येते, म्हणून गाडी चालवताना जपावं लागतं. झोप सलग लागू लागली की अंथरुणातला वेळ थोडाथोडा वाढवायचा.

नैराश्याची औषधं चालू आहेत, तरी रात्री टक्क जाग राहते, असं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून वेगळं सांगावं. २०१३ पासून अमेरिकी मानसोपचार संघटनेची निदानपुस्तिकाही निद्रानाशाला स्वतंत्र आजार मानते.

बायपोलर आजारात, म्हणजे कधी खोल नैराश्य तर कधी टोकाचा उत्साह (उन्माद) येतो त्या आजारात, मात्र स्वतःहून झोप कमी करण्याचा प्रयोग करू नये. त्यानं उन्माद उफाळू शकतो. तीन तास झोपूनही ज्याला थकवा जाणवत नाही, उलट अंगात वारं भरल्यासारखा जो रात्रभर बोलत, बेत आखत बसतो, त्याला साधा निद्रानाश समजून झोपेची गोळी देऊ नका. थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.