पांढरा घोडा फोटोत करडा का येतो?

शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार भरला, की मोबाइलवर फोटो फिरू लागतात. सोबत एक वाक्य हमखास येतं: खरा फोटोग्राफर मॅन्युअलवरच (सगळे आकडे स्वतः ठरवण्याच्या मोडवर) काढतो. मला हे पटत नाही. मोड निवडताना एवढंच विचारावं: क्षणाक्षणाला बदलतंय ते काय? घोड्यावर पडणारं ऊन, की फ्रेममधला घोडा?

कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर घोड्यावर किती ऊन पडलंय ते मोजतच नाही. त्याला कळतो तो घोड्यावरून परतलेला प्रकाश. तो कमी असेल तर एक तर ऊन कमी आहे, नाही तर घोडा काळा आहे. समीकरण एक आणि अज्ञात राशी दोन! मग मीटर एक राशी गृहीत धरून मोकळा होतो: समोरचं दृश्य मध्यम करडं, पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं. पांढरीशुभ्र वस्तू ८०-९० टक्के परत पाठवते, म्हणजे चौपट-पाचपट. नुकऱ्या, म्हणजे पांढऱ्या घोड्याने फ्रेम भरली, की मीटरला वाटतं ऊनच प्रखर आहे. तो एक्स्पोजर (फोटोला मिळणारा प्रकाश) दोन स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे चौथ्या हिश्श्यावर उतरवतो आणि नुकरा करडा होतो. काळ्या घोड्याला उलट जास्त प्रकाश मिळतो. तोही करडा, वर मागचं आकाश पार पांढरं. आजचे कॅमेरे फ्रेमचे अनेक भाग तपासून ही चूक कमी करतात, पण अखेर तो अंदाजच.

म्हणून तापीकाठी निरभ्र दुपार असेल तर मॅन्युअल उत्तम. भर उन्हाचा जुना नियम सांगतो: अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) एफ/१६ ला, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० असताना शटर १/१०० सेकंद उघडं. अ‍ॅपर्चर चार स्टॉप उघडून एफ/४ केलं, की १/१६००. धावत्या घोड्याचे खूर स्पष्ट येतात. नुकरा जावो, कुमैत (गडद तांबूस) येवो, आकडे तेच.

ढग ये-जा करू लागले की हे फसतं. दाट ढगाखाली प्रकाश तीन स्टॉपने, आठव्या हिश्श्यावर येऊ शकतो. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत (अ‍ॅपर्चर आपण, शटर कॅमेरा ठरवतो) शटर १/२०० वर घसरतं आणि पाय पुसट होतात. शटर प्रायॉरिटीत (इथे उलट), लेन्स एफ/४ च्या पुढे उघडतच नसेल, तर फोटो काळवंडतो. इथे मी मॅन्युअलला ऑटो आयएसओची जोड देतो: शटर-अ‍ॅपर्चर जागेवर, आयएसओ १०० वरून ८०० वर आपोआप. थोडा नॉइज (दाणेदारपणा) येतो, पण पुसटलेले खूर नंतर नीट होत नाहीत. मात्र हा आयएसओ ठरवतो तोच फसणारा मीटर. त्यामुळे नुकऱ्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या अंदाजात आपण केलेली वाढ-घट, स्टॉपमध्ये) +१ च्या आसपास, काळ्याला −१.

दुसऱ्याच्या फोटोखाली ‘सेटिंग काय होतं?’ विचारून आकडे मंत्रासारखे पाठ करणं व्यर्थ आहे. ते आकडे त्या क्षणाच्या उन्हाचे. घोड्याच्या भोवऱ्यांवरून मालकाचं नशीब सांगण्याला जेवढा आधार, तेवढाच याला.

रात्री बाजारातले दिवे लागले की वेगळीच अडचण. आपली वीज ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० आवर्तनं, प्रत्येकात दोन शिखरं), त्यामुळे अनेक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा तेज-मंद होतात. १/१६०० ला एक फ्रेम उजळ, पुढची अंधारी. मोड कोणताही असो, मीटरने मोजलेला क्षण आणि शटर उघडल्याचा क्षण वेगळाच पडतो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करावं. शटर दिव्याच्या ऐन तेजाला उघडतं. नसेल तर १/१०० किंवा १/५० ठेवावं, म्हणजे तेज-मंदचा पूर्ण फेरा फोटोत मावतो, आणि धावता घोडा सोडून उभा घोडा टिपावा.